सोमवारला वरून बोलावणं

आमच्या बर्फाच्या कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्रेसरवर
एक पितळी पट्टी आहे.
दसऱ्याला झेंडू वाहताना नेमकी तीच समोर येते:
ग्रेटन, आणि खाली एक साल, निम्मं झिजलेलं.
एका रिकाम्या दुपारी, लाद्यांचा हिशेब जुळल्यावर,
मी ते गाव शोधलं.
सातासमुद्रापार एक पूल, धान्याची उंच कोठी,
कॉम्प्रेसरचा कारखाना, कधीच बंद पडलेला,
आणि बर्फावर हॉकी खेळणारा एक संघ.
नाव काय, तर पाणमांजरं.

वरच्या लीगच्या खाली एक लीग असते,
तिच्याही खाली एक.
पाणमांजरं तिथे,
आणि तिथेही बहुधा तळाला.

त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, साडेपाच.
बिबवेवाडीत पाण्याची मोटर सुरू होते,
मी एक कान त्यांना देते, दुसरा कुकरला.
चित्र नाही, नुसता आवाज:
एक म्हातारा सांगत असतो, जरा दमेकरी,
मधेच टायरच्या दुकानाची जाहिरात वाचतो,
बाहेर उणे बावीस आहे म्हणतो,
आणि मी गवार मोडत असते.

ऑफसाइड अजून कळलेलं नाही.
आयसिंग कळलं होतं, विसरले.
चकती फळीवर आपटत जाते तेवढी ओळखते,
जिन्यावरून डब्याचं झाकण घरंगळावं तशी.

गोलकीपर फिनलंडचा, नाव सोमरव्हारा.
म्हातारा घाईत त्याचा सोमवार करतो,
की मीच करते.
सोमवारनं अडवलं. सोमवारनं परत अडवलं.
शनिवारी सोमवार, बुधवारी सोमवार.
एकदा एक्केचाळीस वेळा अडवलं त्यानं
आणि तरी हरले;
त्या दिवशी डब्यात करपलेली भाजी नेली मी.

शेवटी म्हातारा हजेरी सांगतो:
एक हजार तीनशे बारा.
मग मी आवाज बंद करते, आंघोळीला जाते.
मला कुणी मोजलेलं नसतं
आणि त्याचं मला काही वाटत नाही, असं म्हणते.

आमचा बर्फ रसवंतीला जातो, मासळीला,
लग्नाच्या हॉलला.
कधी रात्री-अपरात्री मयताच्या घरी,
मुलगा परदेशातून यायचा असतो म्हणून.
पैसे मी मागत नाही, दहाव्यानंतर ते स्वतःच आणून देतात.
त्या बर्फावर कोणी घसरत, पडत, हसत असेल
हे लोंढेला सांगून पटत नाही.
घसरला तर पगार कापतात, मॅडम, तो म्हणतो.

मग मार्चअखेर आला.
तीन आठवडे पाणमांजरांचं नाव नाही काढलं,
आठवणही आली नाही, खरं सांगायचं तर.
परत कान लावला तेव्हा गोलात दुसराच.
सोमवारला वरच्या लीगनं बोलावून घेतलं होतं.
म्हाताऱ्यानं एका वाक्यात सांगितलं, दोन जाहिरातींच्या मधे.

लोंढे टेम्पोत भुसा पसरत होता.
कुणाला तरी सांगायला हवं होतं, म्हणून म्हटलं,
आमच्या सोमवारला वरून बोलावणं आलं.
तो थांबला. डोक्याचा रुमाल काढला.
अरेरे. वय काय होतं?
तेवीस, म्हटलं.
त्यानं थोडा वेळ जाऊ दिला,
मग हलक्या आवाजात विचारलं,
किती लाद्या पाठवू?

मला हसू आवरेना, आणि ते नीट हसूही नव्हतं.

वरच्या संघाचा निकाल मी एकदा पाहिला.
सोमवार बाकावर बसून होता, राखीव.
तिथली हजेरी अठरा हजार.
परत नाही गेले.

आज पहाटे नव्या पोरानं सहा गोल खाल्ले.
त्याचं नाव अजून धड ऐकू आलेलं नाही.
म्हातारा खोकला, उणे चार म्हणाला,
म्हणजे तिकडे ऊन पडायला लागलं असावं.
गवार संपली होती,
मी शेपू निवडायला घेतला.